समोरचीने जागा सोडली की शॉट तुझाच

पत्र: मी १७ वर्षांची आहे. इंदूरला सुदामा नगरात राहते आणि शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी, म्हणून खेळते. उंची ५ फूट ३ इंच. गेल्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये मी ३ शॉट मारले, ८ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास) दिले आणि ६ वेळा बॉल घालवला. आम्ही ५ गुणांनी हरलो. चौथ्या क्वार्टरमध्ये माझी डिफेंडर मला सोडून सरळ पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या भागात, जाऊन उभी राहत होती, सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या आमच्या उंच मुलीला) पास जाईचना. सर म्हणतात, पॉइंटचं काम बॉल वाटायचं. दादा म्हणतो, तू मारत नाहीस म्हणून हरता. बाबा फक्त माझे गुण मोजतात. मला एक आकडा सांगा, एका सामन्यात मी किती शॉट मारायचे? आणि अजून एक: आमचा सराव ७ नंबरच्या बॉलने होतो, सामने ६ नंबरच्या बॉलने. त्याने फरक पडतो का?

उत्तर:

आकडा मागितला आहेस, तो आधी घे. पूर्ण ४० मिनिटं कोर्टवर असशील तर ९ ते १२ शॉट. क्वार्टर लहान असतील किंवा सर तुला मध्ये बसवत असतील तर त्या हिशेबाने कमी. तुमची टीम एका सामन्यात साधारण ६० शॉट घेते असं धर. पाच जणींत सारखे वाटले तर प्रत्येकीला १२ येतात. पॉइंटने आपल्या वाट्यातले थोडे चांगल्या शूटरला आणि सेंटरला द्यावेत, म्हणून ९ ते १२. तू मारलेस ३. म्हणजे शॉटच्या बाबतीत तुमची टीम जवळजवळ चौघींचीच होती, आणि समोरच्या कोचने ते चौथ्या क्वार्टरपर्यंत ओळखलं.

पास म्हटलं की पहिलं नाव निघतं जॉन स्टॉकटनचं. १५,८०६ असिस्ट. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, इतके आजवर कोणाचेच नाहीत. याच स्टॉकटनने कारकिर्दीतल्या १,५०४ सामन्यांत सामन्यामागे सुमारे ९ शॉट घेतले आणि त्यातले ५१.५ टक्के घातले. तो पास देऊ शकला, कारण त्याला मोकळं सोडायची कोणाची हिंमत नव्हती. सर 'बॉल वाट' म्हणतात ते चूक नाही. पण वाटायला आधी काहीतरी मोकळं झालेलं असावं लागतं, आणि ते मोकळं करायला तुझा शॉट लागतो.

मात्र हा ९ ते १२ चा आकडा सामना संपल्यावर वहीत बघायचा. खेळताना 'माझे सहा झाले, आता तीन मारायचे राहिले' असं डोक्यात ठेवलंस तर नको तिथून मारशील. कोर्टवर तुला फक्त दोघींकडे बघायचंय: तुला धरणारी आणि तिच्या मदतीला येणारी. पहिली मागे राहिली तर शॉट. ती अंगावर आली तर तिच्या बाजूने ड्राइव्ह, म्हणजे ड्रिबल करत रिंगकडे घुसायचं. ड्राइव्हवर दुसरी आली तर तिने जिला सोडलं तिला पास. दुसरी आली नाही तर लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला शॉट.

आता तो चौथा क्वार्टर. तो नीट उलगडून बघायला हवा, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तुझी डिफेंडर पेंटमध्ये जाऊन उभी होती, म्हणजे ती तुमच्या सेंटरच्या पुढ्यात होती. सेंटरची स्वतःची डिफेंडर मागे. दोघींच्या मध्ये सेंटर. अशा वेळी पास वरून टाकावा तर मागची उडी मारून काढते, खालून टप्पा देऊन द्यावा तर पुढची हात घालते. तू तरी सेंटरला शोधत राहिलीस. तुझे ६ टर्नओव्हर (घालवलेले बॉल) बहुतेक तिथेच गेले असणार.

हिशेब मांडून बघ. मोकळा थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट, तू शंभरात ३० घालतेस असं धर. १० थ्रीचे ९ गुण. दुसरीकडे सेंटर: बॉल हातात पडला तर रिंगजवळून ती १० पैकी साडेपाच घालते असं मान, म्हणजे १० वेळा बॉल मिळाला तर ११ गुण. सेंटरला देणं चांगलं दिसतं, नाही का? पण दोघींच्या मधून टाकलेल्या १० पासपैकी २ कापले गेले तर तिला ८ च मिळतात. ८ चे गुण ८.८. म्हणजे तुझ्या मोकळ्या थ्रीपेक्षा कमी. ३ कापले गेले तर ७.७. शिवाय चुकलेल्या थ्रीचा रिबाउंड तुमच्या मुलींना मिळू शकतो. वरच्या बाजूला कापला गेलेला पास मात्र थेट समोरच्या रिंगवर लेअप होऊन पडतो, कारण मागे कोणीच नसतं. पास हा सुरक्षित आणि शॉट हा धोक्याचा, असं जे मनात बसलेलं असतं ते त्या मिनिटांना अगदी उलटं होतं.

तुझा थ्री ३० टक्के बसत नसेल तर? २५ टक्के असेल तर १० चे साडेसात गुण, तेव्हा रेषेबाहेरून मारायचा आग्रह धरू नकोस. पण समोरची मागे उभी आहे म्हणजे तिने तुला पळायला रस्ताही दिलाय. दोन ड्रिबल टाकून फ्री थ्रो रेषेजवळ थांब आणि तिथून जंप शॉट घे. ही रेषा बोर्डपासून ४.६ मीटरवर असते, रोज शंभर वेळा जिथे उभी राहतेस तीच जागा. १० पैकी साडेचार गेले तरी पुन्हा ९ च गुण. आणि तिथे पोचलीस की पेंटमधल्या मुलीला पुढे यावंच लागतं. ती आली की सेंटरची पुढची बाजू मोकळी. तेव्हाचा टप्पा पास कोणी कापत नाही.

हे सगळं चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबवू नये. पहिल्या चार मिनिटांत एक तरी मोकळा शॉट घे, तो गेला नाही तरी चालेल. डिफेंडर पहिल्या क्वार्टरमध्ये तुला तपासत असते: ही मारते का, डावीकडून जाते का, घाबरते का. तू तीनदा मोकळी असून पास दिलास की ती एक पाऊल मागे जाते, मग दोन, मग चार. चार पावलं मागे गेलेली मुलगी शेवटच्या तीन मिनिटांत एका शॉटने पुढे येत नाही.

हे मोठ्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. २० जून २०२१, एनबीएच्या प्लेऑफमधला फिलाडेल्फिया विरुद्ध अटलांटा सातवा सामना. बेन सिमन्स, ६ फूट १० इंच उंच, चौथ्या क्वार्टरमध्ये रिंगच्या अगदी खाली बॉल घेऊन उभा होता. समोर ट्रे यंग, त्याच्यापेक्षा जवळपास ९ इंच बुटका. उचलून आत टाकायचं एवढंच काम. सिमन्सने पास दिला. ज्याला दिला त्याच्यावर फाउल झाला, दोन फ्री थ्रोपैकी एक गेला. फिलाडेल्फिया ९६–१०३ असं हरलं. त्या सामन्यात सिमन्सचे असिस्ट १३ आणि शॉट ४. त्या मालिकेत त्याचे ४५ पैकी १५ च फ्री थ्रो गेले होते. फाउल होईल आणि पुन्हा रेषेवर उभं राहावं लागेल, ही धास्ती हातात उतरली असावी. तुझ्या ३ आणि ८ शी हे ताडून बघ. आणि फ्री थ्रोचा सराव टाळू नकोस. ज्या पॉइंटला फ्री थ्रोची भीती वाटते ती आत जाणं सोडते, आणि ती आत जात नाही म्हटल्यावर बाकीच्या चौघींना काही मोकळं मिळत नाही.

आता स्क्रीन. तुमची टीम सगळ्यात जास्त खेळत असेल तो प्रकार हाच: सेंटर वर येते, तुझ्या डिफेंडरला आडवी उभी राहते, तू तिला चिकटून निघतेस. शॉट की पास हा निर्णय इथे दीड सेकंदात होतो, म्हणून बारकाईने सांगतो.

निघताना तुझा खांदा सेंटरच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये वीतभर फट राहिली तर डिफेंडर त्यातून घुसते आणि स्क्रीन वाया जाते. सेंटर स्थिर उभी राहीपर्यंत निघू नकोस, नाहीतर तिचा हलत्या स्क्रीनचा फाउल होतो. निघालीस की पहिली नजर तुझ्या डिफेंडरवर. ती स्क्रीनच्या मागून, म्हणजे रिंगच्या बाजूने वळसा घालून येतेय? तर सेंटरच्या आडोशालाच थांब आणि मार. पास शोधूच नकोस. हा शॉट सोडलास तर पुढच्या वेळीही ती तसाच वळसा घालेल आणि तुमची स्क्रीन सामनाभर निरुपयोगी होईल.

ती तुझ्या पाठोपाठ, स्क्रीनच्या वरून आली तर ती आता तुझ्या पाठीवर आहे. इथे नव्या मुली जोरात पळतात. तसं करू नकोस. उलट अर्धं पाऊल मंद हो, तिला पाठीवरच अडकवून ठेव, पुन्हा बाजूला येऊ देऊ नकोस. आता समोर फक्त सेंटरची डिफेंडर, आणि तुम्ही दोघी. तिच्या पायांकडे बघ, चेहऱ्याकडे नको. टाचा टेकवून, दोन पावलं मागे, पेंटमध्ये उभी असेल तर तुझा फ्लोटर: रिंगपासून अडीच-तीन मीटरवरून, बोटांनी उंच सोडलेला. तिचा एक पाय तुझ्याकडे पुढे आला, टाच उचलली गेली, तर त्याच क्षणी टप्पा पास सेंटरच्या पुढ्यात. बॉल जमिनीला लागायची जागा दोघींमधल्या अंतराच्या दोनतृतीयांशावर, म्हणजे तिच्या कमरेशी उसळून येतो. पायाशी टाकलास तर पळता पळता वाकून उचलताना तिची चाल मोडते आणि ट्रॅव्हल, म्हणजे बॉल हातात घेऊन जास्त पावलं टाकल्याची चूक, होते.

दोघी मिळून तुझ्यावर धावून आल्या, सापळा लावला, तर शॉटचा विचारच नाही. पण घाबरून ड्रिबलही बंद करू नकोस. दोन ड्रिबल मागे घे, त्या दोघी तुझ्यासोबत ओढल्या जातील, मग फ्री थ्रो रेषेशी वळलेल्या सेंटरला पास. तिकडे तेव्हा चौघींवर तीनच डिफेंडर उरलेल्या असतात. आणि डिफेंडर अदलाबदल करून सेंटरची उंच मुलगी तुझ्यावर आली तर तिला बाहेर थ्रीच्या रेषेपर्यंत आण. तिथे ती अस्वस्थ असते. ती जवळ आली तर बाजूने जा, लांब राहिली तर मार.

एक राहिलं, आणि बहुतेक मुली इथेच चुकतात. तू आत शिरलीस, सेंटर रिंगकडे पळतेय, तेव्हा तिला अडवायला पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीची डिफेंडर आत येते. कोपरा रिकामा. हा पास लांबचा आहे, आडव्या कोर्टभर. दोन्ही हातांनी छातीवरून दिला तर हळू जातो आणि मध्येच कापला जातो. एका हाताने, डोक्याच्या वरून, आणि कोपऱ्याकडे न बघता द्यायला शिक. नजर सेंटरवरच ठेव.

आत शिरल्यावर पास द्यायला हवेत उडू नकोस. तुझ्या उंचीच्या पॉइंटचे निम्मे टर्नओव्हर या एका सवयीने कमी होतील असं आमचं स्पष्ट मत आहे. हवेत गेलीस की खाली येईपर्यंत बॉल सोडावाच लागतो, आणि ते डिफेंडरला माहीत असतं. पेंटमध्ये दोन्ही पायांवर एकदम थांब, गुडघे वाकलेले, बॉल हनुवटीखाली. मग शॉटचा धाक दाखव, पिव्होट घे (एक पाय जागेवर ठेवून वळ), दे किंवा मार. त्याहून चांगलं म्हणजे ड्रिबल चालूच ठेव आणि रिंगखालून पलीकडे बाहेर ये. स्टीव्ह नॅश हे वर्षानुवर्षं करत होता. २००५ आणि २००६ असा सलग दोनदा तो एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. २००४–०५ च्या मोसमात सामन्यामागे त्याचे असिस्ट ११.५ आणि गुण १५.५. रिंगखालून फिरून बाहेर येईपर्यंत बचाव करणाऱ्या पाचांपैकी कोणी ना कोणी मान वळवून आपला माणूस हरवून बसायचा.

फास्ट ब्रेकवर, म्हणजे बॉल मिळताच समोरच्या रिंगकडे धाव घेताना, नियम सोपा. दोघी विरुद्ध एक: पास लवकर देऊ नकोस. फ्री थ्रो रेषेपर्यंत बॉल स्वतःकडे ठेव, डिफेंडरला निवडायला भाग पाड. ती तुझ्याकडे आली तर दे, नाही आली तर लेअप. अर्ध्या कोर्टवरूनच पास दिलास तर तिला सरकायला वेळ मिळतो आणि दोघींचा फायदा संपतो.

२४ सेकंदांच्या शॉट क्लॉकवर पहिले ८ सेकंद बॉल पुढे आणण्यात जाऊ शकतात, हे लक्षात असू दे. नियमाने अर्धं कोर्ट ओलांडायला तेवढेच असतात. ७ सेकंद उरले असताना बॉल तुझ्या हातात असेल तर तू मारायला निघतेस हे सगळ्यांना माहीत असावं. ४ सेकंद उरले असताना, कोणी तयार नसताना, पास देणं म्हणजे आपला वाईट शॉट मैत्रिणीच्या गळ्यात घालणं. तो शॉट तुझाच घे, फ्री थ्रो रेषेच्या आसपासचा. खालच्या पातळीच्या स्पर्धेत शॉट क्लॉक दिसत नसेल तर बेंचवरच्या एका मुलीला 'दस!' असं ओरडायचं काम दे. आपल्याकडे कोर्टवर सगळं हिंदीतच चालतं, तेव्हा इशारेही तेच ठेवा, ऐन वेळी शब्द शोधावा लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर दादा हे पत्र दाखवून तुला दर वेळी मारायला लावील. बॉल आणून, एकही पास न होता, डिफेंडर अंगावर असताना मारलेला शॉट वाईटच, तो आत गेला तरी. समोर तीन डिफेंडर पेंटमध्ये आणि आपली एकही मुलगी रिबाउंडला पोचलेली नसताना मारलेला थ्रीही तसाच. लागोपाठ दोन शॉट चुकले म्हणून तिसरा मोकळा सोडू नकोस, आणि लागोपाठ दोन गेले म्हणून तिसरा शॉट डिफेंडरचा हात अंगावर असताना मारू नकोस. आणि तू आत शिरून मारतेस तेव्हा मागे कोण जातं, हे आधी ठरलेलं असू दे. पॉइंट सहसा मागची राखण करते. तीच रिंगखाली पडलेली असेल तर शूटिंग गार्डने शॉट सुटताक्षणी अर्ध्या कोर्टकडे पळायचं. हे ठरलेलं नसतं तेव्हा कोच पॉइंटच्या शॉटवर चिडतात, आणि मुलीला वाटतं की शॉटच चुकीचा होता.

समोर २-३ झोन (दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकी आपली जागा राखणारी) असेल तर एवढंच कर: वरच्या दोघींच्या मधल्या फटीत ड्रिबल घाल. दोघी मिटल्या की फ्री थ्रो रेषेवरच्या मुलीला पास. मिटल्या नाहीत तर तिथूनच मार.

सराव. आठवड्यात तीन दिवस, चाळीस मिनिटं पुरे, पण फक्त उभ्याने शॉट मारायचे नाहीत. सामन्यात चुकतो तो निर्णय, आणि तो सरावात यायलाच हवा. मैत्रिणीला बॉल घेऊन रिंगखाली उभी कर. ती तुला पास देईल आणि मग दोनपैकी एक करील: जागेवर थांबेल किंवा तुझ्यावर धावून येईल. काय करणार ते तिने आधी सांगायचं नाही. थांबली तर बॉल हातात येताच शॉट, धावली तर एका धाकानंतर ड्राइव्ह. दहा-दहाचे पाच सेट. शॉट गेला का हे वेगळं मोजा, निर्णय बरोबर होता का हे वेगळं. पहिल्या आठवड्यात ५० पैकी ३५ निर्णय बरोबर आले तर ठीक, महिन्याने ४५ हवेत. बॉल हातात आल्यावर 'मारू की नको' म्हणत अर्धा सेकंद थांबलीस, तर तो चुकलेला निर्णय धरायचा, भले शॉट आत गेला तरी.

मग फ्लोटर ३०, अर्धे डाव्या बाजूने. कोपऱ्यातला एका हाताचा पास २५, भिंतीवर खडूने छातीच्या उंचीचा चौकोन काढून. शेवटी अर्ध्या कोर्टचे दोन फेरे पळून लगेच दोन फ्री थ्रो, असं दहा वेळा. सामन्यात दम लागलेला असतानाच फ्री थ्रो मिळतात, आणि त्या जोडीतले निदान सव्वा जायला हवेत. २० पैकी १३ हे पहिलं लक्ष्य ठेव.

रेस कोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससारखं आतलं कोर्ट मिळालं तर थ्रीचा सराव तिथे कर. उघड्या कोर्टवर संध्याकाळी आपल्याकडे वारा सुटतो. लांबचा शॉट हलतो आणि मुली नकळत मनगटात चूक बसवून घेतात. उघड्यावर पास, फ्लोटर, ड्राइव्ह करा. सिमेंटवर रेती साचलेली असेल तर सुरुवातीला झाडून घ्या, कारण दोन्ही पायांवर थांबताना घसरून गुडघा मुरगळतो.

सरांशी वाद घालू नकोस. त्यांना एकच नेमका प्रश्न विचार: "सर, माझीवाली स्क्रीनच्या मागून गेली तर मी मारू का?" 'मला जास्त शॉट मारू द्या' हे कोणत्याच कोचला आवडत नाही. 'अमुक परिस्थितीत मारू का' याला ते हो किंवा नाही म्हणू शकतात. अशी तीन उत्तरं मिळाली की तुझं अर्धं काम झालं. सर नाही म्हणाले तर का नाही ते ऐक. कदाचित तुझा थ्री त्यांना अजून कच्चा वाटत असेल. मग महिन्याभराची सरावाची मोजणी त्यांना दाखव.

बाबांना आणि दादाला वही दे. स्कोअरशीटवर गेलेल्या बास्केट आणि फाउल असतात, चुकलेले शॉट कुठेच लिहिले जात नाहीत. म्हणून घरातल्यांना गुणच दिसतात. वहीत चार रकाने पाडून द्यायचे: मोकळा शॉट मारला, मोकळा शॉट सोडला, पास दिला त्यातून शॉट झाला, बॉल गेला. शॉट गेला की चुकला ते तिसऱ्या रकान्यात बघायचंच नाही, कारण तू पास चांगला दिलास आणि मैत्रिणीने लेअप घालवला तर असिस्ट लिहिलं जात नाही, पण तुझं काम झालेलं असतं. सगळ्यात आधी दुसरा रकाना बघ. सेमीफायनलचा हा रकाना आठवून भरलास तर तिथे आठ-दहा तरी रेघा येतील असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पुढच्या सामन्यात त्या तीनवर आण. शॉट आपोआप ९ च्या पुढे जातील, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये समोरची पेंटमध्ये उभी राहणार नाही. मग असिस्ट कमी होतील ही भीती धरू नकोस. वाढण्याचीच शक्यता जास्त. चौथा रकाना मात्र तिसऱ्याच्या एकतृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नकोस.

आता बॉलचं. हो, फरक पडतो. ६ नंबरचा बॉल आकाराने लहान आणि हलका असतो. ७ नंबरने सवय झालेल्या हाताकडून सामन्यात गरजेपेक्षा जास्त जोर लावला जातो, थ्री रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर येतो, आणि मुलीला वाटतं आज हात लागत नाहीये. शाळेत ६ नंबरचा बॉल नसेल तर चार-पाच जणींनी मिळून एक घ्या आणि सामन्याच्या आधीचे निदान दहा दिवस शॉट त्यानेच मारा. ड्रिबलला ७ चालेल. आणि एकदा टेप घेऊन तुमच्या कोर्टची थ्रीची रेघ मोज. २०१० मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, ती ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली. त्याच वेळी रिंगखालचा पेंट, जो आधी खाली रुंद आणि वर अरुंद असायचा, तो सरळ आयत झाला. तुमच्या सिमेंटवर पेंट तसा तिरप्या बाजूंचा रंगवलेला असेल तर थ्रीची रेघही जुनीच असणार, आणि तू आजवर अर्धा मीटर आतून सराव करते आहेस. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून समोर ६.७५ मीटर मोज, खडूने पाच ठिकाणी खुणा कर. कोपऱ्यात रेषा बाजूच्या रेषेला समांतर जाते, तिथे अंतर ६.६० असतं. पाचही खुणांवरून दहा-दहा मार आणि किती गेले ते लिहून ठेव. ३० टक्क्यांचा हिशेब त्या आकड्यावरून कर.